दोन रडण्यांच्या मधला श्वास

काका बेल वाजवताना श्वास रोखून धरायचे. दाराच्या काचेच्या भोकातून मी हे पुष्कळदा बघितलं आहे. जिना उतरून यायचे, आमच्या दारासमोर सरळ उभे राहायचे, छाती भरून हवा घ्यायचे, बेलचं बटण दाबायचे आणि बोट उचलल्यावरच श्वास सोडायचे. दिव्याचं बटण, मिक्सरचं बटण, एटीएमचं बटण, सगळीकडे हेच. काकू म्हणायच्या, "बिल्डिंगला लिफ्ट नाय ता बरा असा. असती तर हे रोज गुदमरले असते."

काका एका म्युनिसिपल हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात तीस-बत्तीस वर्षं होते. जाड काचेच्या मागे उभं राहून समोरच्याला "श्वास घ्या, धरा" म्हणायचं आणि बटण दाबायचं. समोरच्याबरोबर स्वतःही श्वास धरायची सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. फोन ठेवताना ते "बरं" किंवा "बाय" म्हणत नसत. "सोडा," म्हणत. एकदा बँकेतल्या मुलीला त्यांनी बोलणं संपल्यावर "सोडा आता" म्हटलं आणि तिला वाटलं काका चिडले. तिने मॅनेजरला फोन दिला. काकांनी मॅनेजरशी नीट बोलून त्यालाही शेवटी "सोडा" म्हटलं.

आम्ही त्यांचे भाडेकरू. मुलुंड पूर्वेला चार मजल्यांची जुनी बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर काका-काकू, त्यांच्या बरोबर खाली त्यांचाच दुसरा फ्लॅट, त्यात ताई, ताईची तीन वर्षांची इरा आणि मी. जिजू जहाजावर असतात. ताईला सोबत म्हणून मी आले आणि ऐरोलीचं ऑफिस तिथून जवळ पडत होतं म्हणून राहिले. आता आम्ही बोरिवलीला आहोत आणि काका-काकू मालवणजवळच्या गावी. पण मुलुंड म्हटलं की मला ते घर आठवत नाही, काका आठवतात.

पहिला महिनाभर त्यांनी माझा चेहरा बघितला असेल असं मला वाटत नाही. ते माणसाच्या गळ्याखालची दोन हाडं बघायचे. मी गैरसमज करून घेतला आणि भर उन्हाळ्यात आठवडाभर ओढणी घेऊन जिना चढले. मग लक्षात आलं की ते वॉचमनचीही तीच हाडं बघतात, कुरियरवाल्याची बघतात, सोसायटीच्या सेक्रेटरीची बघतात. दोन्ही हाडं एका ओळीत असली की माणूस सरळ उभा आहे. नसली तर फोटो वाकडा येणार. शेवटी एकदा ते मला म्हणाले, "तुझा डावा खांदा पडतो गो. बॅग दुसऱ्या हातात घेत जा." मी ओढणी घ्यायची बंद केली आणि बॅग उजव्या खांद्यावर घेऊ लागले.

एक्स-रेला ते कधीच एक्स-रे म्हणत नसत. फोटो. बिल्डिंगमधलं कोणीही मोठं पाकीट घेऊन त्यांच्याकडे जायचं. मग काका स्वयंपाकघरातल्या पूर्वेच्या खिडकीपाशी जाऊन फिल्म उजेडात धरायचे. त्या खिडकीत काकूंनी कधी कोथिंबिरीची कुंडीही ठेवली नाही, ती जागा फोटोंची होती. लोक विचारायचे, "काय आहे, काका?"

"मी डॉक्टर नाही. फोटो काढणारा आहे. फोटो चांगला आलाय."

"पण आजार?"

"ते डॉक्टर सांगेल. मी सांगतो की डॉक्टरला बघता येईल असा फोटो आहे."

किंवा नाही, असं सांगायचे. आणि नाही म्हणायचे तेव्हा फार रागाने म्हणायचे. हललेला फोटो, वाकडा फोटो, अर्ध्या श्वासातला फोटो, हे त्यांच्या लेखी गुन्हे होते. फोनवर कोणी फोटो दाखवला तर फोनला हातही लावत नसत. "हा फोटोचा फोटो आहे," म्हणायचे. "नवरीच्या जागी नवरीचा फोटो ठेवून लग्न लावतात काय?"

माझं बोलणं त्यांना पसंत नव्हतं, कारण ते जवळजवळ नव्हतंच. मी इंग्लिश मीडियमची. मराठी घरी बोलते, पण लोकांसमोर वाक्य मनात आधी इंग्लिशमध्ये होतं, मग मी ते उलटवते, आणि तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. काका म्हणाले, "तुझं बोलणं म्हणजे बटण दाबल्यावर श्वास घेणारा पेशंट. सगळं होऊन जातं, मग तू सुरू होतेस."

"माझी शाळा इंग्लिश मीडियमची होती," मी म्हटलं.

"माझी म्युनिसिपालिटीची. पण गप्प बसलेलं कुठल्याही मीडियमचं कळतं."

हे त्यांनी माझ्या बाजूने म्हटलं होतं की माझ्यावर, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

लहान मुलांचे फोटो हा त्यांचा खरा अभिमान. मोठ्या माणसाला श्वास धर म्हटलं की तो धरतो. दोन वर्षांच्या पोराला कसं सांगणार? ते काळोख्या खोलीला घाबरतं, थंड पत्र्याला घाबरतं, आईला बाहेर काढलं म्हणून घाबरतं. मग रडतं. बाकीचे टेक्निशियन रडू थांबायची वाट बघत. काका बघत नसत.

"रडू दे ना," ते म्हणायचे. "रडणारं पोर काय करतं? ओरडत ओरडत सगळी हवा बाहेर टाकतं. टाकून टाकून टाकणार किती? मग परत रडायला हवा नको? तेव्हा भरून घेतं. दोन रडण्यांच्या मधे एक श्वास असतो. एवढा मोठा श्वास तुम्ही-आम्ही जन्मात घेत नाही. तेवढ्यात बटण." आणि ते हवेत बटण दाबून दाखवायचे, अर्थात श्वास धरून.

एकाही पोराचा फोटो त्यांना दुसऱ्यांदा काढावा लागला नाही, असं ते सांगत. काकू आतून म्हणायच्या, "मागच्या वर्षी चार म्हणालेले."

"ते चार दुसऱ्याने काढलेले. ते मी सुधारून दिले."

दुसऱ्यांदा फोटो काढणं म्हणजे पोराला दुसऱ्यांदा किरणं देणं. ते त्यांना पापासारखं वाटायचं. म्हणून इरासाठी त्यांनी स्वतः दुसरा फोटो काढायला लावला, तेव्हाच मला समजायला हवं होतं की ते आमच्यापेक्षा जास्त घाबरले आहेत.

इराचा खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. आधी डॉक्टर म्हणाले व्हायरल. मग म्हणाले बाळदमा असू शकतो, आणि घरात वाफेचं मशीन आलं. इरा तोंडावर मास्क धरून कार्टून बघायची. थोडं बरं वाटायचं, परत खोकला. दोनदा ताप आला, दोनदा अँटिबायोटिक झालं. जिना चढताना तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. डिसेंबरच्या शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. तो बघून ते म्हणाले, डावीकडे पांढरट दिसतंय, प्रायमरी कॉम्प्लेक्स वाटतो. म्हणजे लहान मुलांचा टीबी. सहा महिने औषध घ्यावं लागेल.

ताई घरी येऊन बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. तिने जिजूंना कळवलं नाही, सासूबाईंना कळवलं नाही. प्लेग्रुपमध्ये सांगायचं की नाही, हे तिने मला तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा "बघू" म्हटलं. मग मी पाकीट घेऊन वर गेले.

काकांनी फिल्म खिडकीत धरली आणि लगेच खाली घेतली.

"हा काय फोटो आहे? पोर ओरडतंय ह्यात. सगळी हवा बाहेर टाकलीय. हवा नसली की फुप्फुस पांढरंच दिसणार. आणि ही हाडं बघ, एक वर, एक खाली. वाकडी धरलीय. ह्याच्यावर सहा महिन्यांचं औषध?"

"मग टीबी नाही?"

"मी डॉक्टर नाही," ते म्हणाले. पण ह्या वेळी पुढे बोलले. "दुसरा काढू. मी येतो."

एक्स-रेच्या दुकानात त्यांनी तिथल्या पोरसवदा टेक्निशियनला एवढ्या सूचना दिल्या की तो म्हणाला, "अंकल, तुम्हीच दाबा." काकांनी नाही म्हटलं, पण त्याच्या शेजारी उभे राहिले. इरा रडत होती. काकांनी हात वर धरला होता, इराकडे बघत. तिचा आवाज संपला, खांदे वर गेले, आणि काकांनी हात खाली केला. तेवढ्यात बटण.

फोटो सुरेख आला. मलाही कळलं. दोन्ही बाजू सारख्या काळ्या, बरगड्या मोजता येत होत्या. काकांनी तो खिडकीत धरला आणि खुर्चीवर बसले. "साफ आहे," म्हणाले. मग परत म्हणाले, "साफ आहे." काकूंनी चहा आणला तो त्यांनी बशीत ओतून एका घोटात संपवला.

पण खोकला साफ झाला नव्हता. आमच्या डॉक्टरांनी दुसरा फोटो बघितला आणि म्हणाले, फोटोत नसलं तरी वजन वाढत नाहीये, खोकला दोन महिन्यांवर गेला, मला थांबणं बरोबर वाटत नाही. पुढच्या सोमवारपासून औषध सुरू करू. ताईने एक आठवडा मागून घेतला. काका म्हणाले, "फोटो साफ आणि पोर खोकतंय, ह्या दोन्हीचा मेळ घालणारा माणूस शोधायला हवा. लहान मुलांच्या छातीचाच डॉक्टर."

त्या आठवड्यात काकांनी जे केलं त्यावर बिल्डिंग अजून हसते. मी फोनवर नावं काढून दिली. लहान मुलांच्या फुप्फुसांचे डॉक्टर आधीच थोडे, आणि आमच्या बाजूला तर बोटांवर मोजण्याइतके. कोण चांगला, हे लोकांनी फोनवर दिलेल्या ताऱ्यांवरून ठरवायचं होतं. काका म्हणाले, तारे रात्री बघतात. मग ते एकेका डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसले. नुसते. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी यायचे.

"ह्येंका घरात बसूक होत नाय," काकू जिन्यात कोणालाही सांगायच्या. "दुसऱ्यांच्या डॉक्टराकडे जावन बसतत. आजारी कोण? कोण नाय."

रिसेप्शनवरची मुलगी विचारायची, "बाळ कुठे आहे, काका?"

"येतंय," काका सांगायचे. दोन तासांनी परत विचारलं की म्हणायचे, "ट्रॅफिक."

पहिल्या दिवशी मुलुंडमधलंच एक क्लिनिक झालं. फिश टँक, भिंतीवर जिराफ, टीव्हीवर कार्टून. काका संध्याकाळी नापसंत करून आले. "तासात बारा पोरं आत गेली. बारा बाहेर आली. एकाच्याही अंगातला शर्ट निघाला नाही."

"तुम्हाला बाहेरून कसं कळलं?" ताईने विचारलं.

"जानेवारी आहे. एवढे स्वेटर घातलेत पोरांना. आत जाताना होते तसेच बाहेर. स्वेटरवरून छाती तपासतो काय तो?"

दुसरा अंधेरीचा. तिथून दीड तास प्रवास करून आले आणि म्हणाले, "बाया बाहेर येताना कागद वाचत येतात. पोराकडे बघत नाहीत. म्हणजे आत जे सांगितलं ते कळलं नाही, कागदात शोधतायत." आणि त्यालाही काट मारली. मला हे सगळं पोरकट वाटलं होतं. फी, डिग्री, अनुभव, असं काहीतरी बघायला हवं असं मी मनात वाक्य जुळवत होते. ते जुळेपर्यंत काका घाटकोपरला पोचले होते.

घाटकोपरहून ते दुपारीच परत आले. त्यांनी श्वास न धरता बेल वाजवली, म्हणून भोकातून बघूनही मला आधी वाटलं दुसरंच कोणी आहे.

"मिळाली," ते म्हणाले. "बाई आहे. ड्रायक्लीनरच्या वर, पहिला मजला. फिश टँक नाही. चार पोरं आत गेली सकाळपासून, चारच. आणि चारही पोरांच्या शर्टाची बटणं बाहेर येताना चुकीची लागलेली."

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"आईने घाईघाईत लावलेली," काकांनी समजावलं. "कारण शर्ट काढलेला. कारण ती शेवटपर्यंत बोलत होती आणि आई ऐकत होती. गुरुवारची वेळ घेतलीय. मी म्हटलं बाळ येतंय, तर म्हणाली, बाळ आल्याशिवाय आजोबांना बसू देणार नाही. चांगली आहे."

गुरुवारी आम्ही चौघं टॅक्सीने गेलो. काका पुढे बसले, दोन्ही पाकिटं मांडीवर. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, आवाज घोगरा. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि इराचा स्वेटर, शर्ट, आतली बनियन काढायला लावली. मग डोळे मिटून छातीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. उजवीकडे बराच वेळ.

"फोटो?"

काकांनी दुसऱ्या वेळचं पाकीट दिलं. "हा घ्या. आधीचा खराब आहे, तो बघू नका."

"खराबच द्या."

काकांनी नाइलाजाने दिला. बाईंनी दोन्ही फिल्म दिव्याच्या पाटीवर शेजारी शेजारी लावल्या आणि काकांकडे बघितलं. "खराब आहे हे तुम्हाला कळतं. त्यातले आहात?"

"होतो."

"मग या इकडे. हा तुमचा चांगला फोटो. श्वास भरलेला, दोन्ही बाजू काळ्या. ह्यात काही दिसत नाही. हा दुसरा, ती रडतेय, हवा बाहेर टाकलेली. डावी बाजू पांढरट झाली."

"हवा गेल्यावर व्हायचीच," काका म्हणाले. "तो आजार नाही."

"नाहीच. डावी ठीक आहे. उजवी का नाही झाली पांढरी?"

"वाकडी धरलीय."

"थोडी धरलीय. एवढा फरक पडण्याइतकी?"

काका पाटीच्या जवळ गेले. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. आम्ही सगळे दोन आठवडे पांढऱ्या बाजूला घाबरत होतो. काळ्या बाजूकडे कोणी बघितलंच नव्हतं.

"उजवीकडे हवा आत जाते," काका हळू म्हणाले. "बाहेर येत नाही."

"काहीतरी अडकलंय," बाई म्हणाल्या. मग त्या ताईकडे वळल्या. "खोकला सुरू व्हायच्या आधी कधी ठसका लागला होता? खाताना, खेळताना? दाणा, बी, मणी, काहीही. नीट आठवा."

"नाही," ताई म्हणाली. "मी तिला असलं काही देतच नाही. माझ्यासमोर कधीच नाही."

मला आठवत होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. मी ऑफिसमधून आले, जिन्यातून वर बघितलं तर तिसऱ्या मजल्याचं दार उघडं होतं आणि काका इराला पालथी धरून तिच्या पाठीवर थापट्या मारत होते. ती लाल झाली होती, डोळ्यांतून पाणी. मग ती मोठ्याने खोकली आणि रडली. काकांनी माझ्याकडे बघितलं. "ठसका लागला. झालं. बरी आहे," म्हणाले. ती खरंच बरी होती. पाच मिनिटांत उड्या मारत होती. मी तिला खाली आणलं. ताई आंघोळीला गेली होती. ती बाहेर आल्यावर सांगावं असं माझ्या मनात आलं, आणि मग सांगण्यासारखं काय आहे असंही आलं. इतकंच. आणि आता डॉक्टरबाई विचारत होत्या, आणि माझ्या डोक्यात वाक्य इंग्लिशमध्ये तयार होतं, ते मी मराठीत उलटवत होते.

"लागला होता," काका म्हणाले.

ते अजून पाटीकडेच तोंड करून होते. मग वळले.

"माझ्याकडे. मी गॅलरीत भाजलेले शेंगदाणे खात होतो. तिने मागितले, मी दिले. ठसका लागला, मी पाठीवर मारलं, ती रडली. मला वाटलं निघाला." त्यांनी पाटीवरच्या चांगल्या फोटोकडे बोट केलं. "खोकला सुरू झाला तेव्हा माझ्या मनात आलं होतं. पण मग फोटो साफ आला. मी फोटोवर विश्वास ठेवला. मला तो ठेवायचा होता."

"बाकी कोणी होतं?" बाईंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "कोणी नव्हतं. मी एकटाच."

दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये इराला झोपवून, दुर्बीण घालून तो काढला. अर्धा शेंगदाणा, फुगलेला, सालासकट. बाईंनी छोट्या बाटलीत घालून ताईला दाखवला. आणखी उशीर झाला असता तर ते फुप्फुस कायमचं खराब झालं असतं, असं त्या म्हणाल्या. आता होणार नाही, असंही म्हणाल्या. काका हॉस्पिटलच्या खाली पार्किंगमध्ये उभे होते. मी निरोप द्यायला गेले तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "उजवीकडचा आवाज येतोय?" मी हो म्हटलं. ते तसेच बस स्टॉपकडे चालत गेले.

ताई त्यांना काही बोलली नाही. तेच वाईट होतं. जिन्यात भेटले की "थँक यू, काका, तुमच्यामुळे डॉक्टर मिळाल्या" म्हणायची, अगदी नीट, ऑफिसात बोलतात तसं. इराला वर पाठवणं बंद झालं. ती दाराशी जाऊन "आजोबा" म्हणाली की ताई तिला दुसरं काहीतरी दाखवायची. काका खाली यायचे थांबले. आमची बेल महिनाभर फक्त दूधवाल्याने वाजवली.

मग एकदा काकूंनी मला जिन्यात धरलं. "गो बाय, ह्येंका काय झाला कळत नाय. काल चौथ्या मजल्यावरची फोटो घेऊन आली. म्हणाले, चष्मा गावणा नाय. चष्मा डोळ्यांवर होता."

त्या संध्याकाळी इरा झोपाळ्यावर होती आणि ताई भाजी निवडत होती. मी समोर बसले आणि सांगितलं. ह्या वेळी वाक्य कुठल्याच भाषेत आधी जुळवलं नाही. ठसका लागला तेव्हा मी तिथे होते. मी बघितलं. तुला सांगितलं नाही.

ताईचे हात थांबले. "आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"मी बोलणार होते."

"कधी?"

ताईने भाजी उचलली आणि आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. इराला उद्देशून बोलायची. "मावशीला सांग, दूध फ्रीजमध्ये ठेव." "मावशीला विचार, चावी कुठे आहे."

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी वर गेले. काका खिडकीपाशी नव्हते, दिवाणावर बसून लसूण सोलत होते. काकू ओट्याशी होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं की ताईला सगळं सांगितलंय.

काका चिडले. त्यांना एवढं चिडलेलं मी हललेल्या फोटोवरही बघितलं नव्हतं. "तुला कोणी सांगितलं होतं बोलायला? वर्षभर तोंडातून शब्द निघत नाही आणि निघाला तो हाच?"

"खरं होतं ते."

"खरं मला माहीत नव्हतं काय? अगो, तिला कोणावर तरी राग धरायचा होता. वरच्या मजल्यावरचा म्हातारा चांगला होता त्याला. आज ना उद्या तुम्ही घर बदलाल, मी सुटेन. घरातल्या माणसावर राग धरून ती राहणार कुठे?"

"धरलाय," मी म्हटलं. "दोन दिवस बोलत नाहीये."

त्यांनी आणखी एक पाकळी सोलली. "मग जेवतेस कुठे?"

"जेवते. पण कोणी बोलत नाही."

"ह्या पोरीचं पान घे," त्यांनी काकूंना सांगितलं. "बांगडा आहे, खाशील ना?"

मी जेवायला बसले. पहिला घास घेतला असेल, तेवढ्यात बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. ताई होती, कडेवर इरा. "ही इथे आहे का?" ताईने विचारलं. मग मला ताटावर बघितलं आणि इराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

काका उठून उभे राहिले. पण पुढे आले नाहीत. दिवाणापाशी थांबूनच, मान थोडी वाकडी करून, इराच्या गळ्याखालची हाडं बघू लागले. ती वर-खाली होत होती, सावकाश, दोन्ही एकत्र.

ताईने ते बघितलं. "काका, लांबून काय दिसणार आहे," ती म्हणाली. "जवळून बघा."

काका एक पाऊल पुढे आले, मग स्वतःच्या हातांकडे बघून थांबले. "लसणाचा वास आहे," म्हणाले, आणि आत मोरीत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. तो बराच वेळ आला.

"अहो, हात धुताय की आंघोळ करताय?" काकूंनी विचारलं.

ताईने चपला दाराशी काढल्या आणि इराला मांडीवर घेऊन दिवाणावर, सोललेल्या लसणाच्या शेजारी, बसली.